इंदूताईंच्या पोटऱ्या

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात नवा माणूस रुजू झाला की सगळे त्याचं आडनाव विचारतात, इंदूताई त्याच्या पोटऱ्या बघतात. पँटच्या आतल्या कशा दिसणार, असं मी एकदा विचारलं. "चालीवरनं कळतं गं. त्वांड खोटं बोलंल, पोटरी न्हाई बोलायची."

गणिताच्या नव्या सरांना जिना चढताना पाहून त्या म्हणाल्या, "ह्यो टिकायचा न्हाई. सपाटीवरचा हाये." महिन्याभरात सरांनी बदली करून घेतली. तेव्हापासून शिपाईसुद्धा त्यांच्यासमोरून जपून चालतो.

स्वतः इंदूताई मात्र भर मे महिन्यात गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे घालतात, तेही दोन-दोन जोड. मी चौकस बाई, मला राहवेना. वात असेल म्हणावं, तर गावाजवळचा पासलीचा डोंगर त्या माझ्याआधी चढतात.

एका दुपारी त्यांनीच मोबाईल माझ्यापुढे धरला. "ह्ये वाच. पोटऱ्या भरून देत्यात म्हणं, ऑपरेशन करून. पुण्याला संगं येतीस का? एकटीला इचारायची लाज वाटती." बावन्न वर्षांची, बिनलग्नाची बाई. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

शनिवारी भोरहून सकाळची एसटी पकडून आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलायच्या. गुडघ्याच्या मागे लहानशी चीर देऊन आत सिलिकॉनचा तुकडा बसवतात, हे त्यांनी चित्र काढून दाखवलं. इंदूताईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"उतारावर खाली घसरायचा न्हाई ना?"

"नाही हो."

"आन् जळू चावली तर? आतला माल फुटंल का?"

डॉक्टरीणबाईंना असं आजवर कुणी विचारलं नसावं. "तुम्ही शेतात काम करता?"

"न्हाई. म्हणून तर आले."

मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मलाही ठाऊक नव्हतं. विसाव्या वर्षी पाहुणे बघायला आले, ते नेमके भाताच्या लावणीच्या दिवशी, थेट शेतावर. इंदूताई लुगडं वर खोचून बांधावरून रोपांच्या जुड्या नेत होत्या. मुलाची आई म्हणाली, "ह्या काटक्या चिखलात मोडत्याल." ओळीतल्या साऱ्या बायका हसल्या. इंदूताईंची आईसुद्धा हसली.

तेव्हापासून दर लावणीला त्या रजा टाकून गावी जातात, बांधावर चहा-भाकरीचं बघतात, पण खाचरात पाय घालत नाहीत. आता आईचे गुडघे गेले. यंदा ओळीत माझ्या जागी तू उभी राहा, असं तिनं सांगितलंय. "ती जागा मला पायजे, डॉक्टर. पन सगळ्यांम्होरं लुगडं वर खोचायचं म्हंजी..."

डॉक्टरीणबाई शहरातच वाढलेल्या. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, लावणीच्या वेळी चिखल किती खोल असतो?"

"असतो की, पोटरीपत्तोर."

बोलता बोलता इंदूताईंनी गुडघ्याखाली आडवा हात धरला; त्याच्या खालचं सगळं चिखलात. मीही खाली पाहिलं. डॉक्टरीणबाईंना काय झालं ते कळेना. त्या आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून इंदूताई उठल्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. लावणीसाठी चार दिवस पुरतील की आठवड्याची रजा टाकू, एवढंच त्यांनी विचारलं. आठवड्याची टाका, मी म्हटलं. 

भोर जवळ आलं तेव्हा त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "बत्तीस वर्षं बांधावर बसले गं. एकीनं तरी म्हणायचं हुतं, उतर की."