मैदान सुरक्षित आहे

पेरुंगुडीच्या एका नामांकित शाळेने विद्यार्थ्यांमधील वाढत्या लठ्ठपणाची गंभीर दखल घेतली आणि सर्वप्रथम जाड मुलांसाठी मैदानाला कुलूप ठोकलं. ती धावली तर पडतील आणि पडली तर जबाबदारी कोणाची, असा प्रश्न आरोग्य समितीत निघाला होता. जबाबदारीचा विषय निघाल्यावर कोणतीही समिती जे करते तेच हिने केलं.

गिरिधरची मुलगी कीर्तना नववीत होती; अंगाने भरलेली आणि थ्रोबॉलसाठी जीव टाकणारी. संघातून तिला वगळल्याचं कळताच गिरिधर शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून शाळेत थडकला. पीटीचे सर बालाजीराव त्याच्यासारखेच तंजावरकडचे मराठी, त्यामुळे नकार घरच्या भाषेत मिळाला, एवढाच काय तो फायदा.

"वजन उतरलं की खेळेल ती. रूल तसा आहे, गिरिधरराव."

"आणि वजन उतरणार कसं?"

"खेळून," बालाजीराव शांतपणे म्हणाले.

"मग बारीक पोरं तरी खेळतात का?"

"त्यांस टाइम कुठे? संध्याकाळी खेळाच्या वेळेस आयआयटीचा फाउंडेशन क्लास असतो. मीच बीजगणित घेतों. तुमची कीर्तनाही बसते की."

यानंतर शाळेने कंबर कसली. जिना चढताना मुलांना धाप लागते म्हणून लिफ्ट बसवली. व्यायामाचं महत्त्व पटावं म्हणून मुलांना अख्खी सकाळ बाकांवर बसवून व्हिडिओ दाखवले. एका बिस्किट कंपनीने जनजागृतीचा भार उचलला. क्रीम बिस्किटांच्या पुड्यांवर 'हलके व्हा' असं छापून आलं आणि ते वर्गावर्गात वाटले गेले. लठ्ठपणाविरोधी पोस्टर स्पर्धेत कीर्तना पहिली आली आणि चॉकलेटचं भलंमोठं खोकं घेऊन घरी गेली. तिकडे कोणाचाही पाय न लागल्यामुळे मैदानावर हिरवंगार गवत माजलं. उत्कृष्ट मैदानाची ढाल अर्थातच शाळेला मिळाली.

घरी मात्र कीर्तना गप्प होत चालली. सोसायटीच्या आवारात चेंडूला बंदी होती, म्हणून ती सोफ्यावर बसून भिंतीवर चेंडू आपटायची. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की तिची आई श्रीविद्या चेंडू काढून घ्यायची आणि पोर हिरमुसू नये म्हणून हातावर मैसूरपाक ठेवायची.

"मला ग्राउंडावर सोडायला सांगा अप्पा, अवळोदान, एवढंच," ती एकदा म्हणाली. "दुसरं काय नको."

त्याच आठवड्यात पालकसभा होती. गिरिधर उभा राहिला, पोटतिडकीने बोलला, समितीची सालटी काढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. घोटाळा इतकाच झाला की मुख्याध्यापिका सुंदरी मॅडमना ते पटलं.

"तुमचं बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोज संध्याकाळी मैदान उघडू. सगळ्या मुलांसाठी. बालाजीराव तिथे हवेत, तेव्हा फाउंडेशन क्लास बंद करावा लागेल. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावा."

सभागृहातले पंखे एकदम ऐकू येऊ लागले. गिरिधरने शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं. ते आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होते. मागच्या रांगेत कीर्तना बापाच्या पाठीवर डोळे लावून बसली होती आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याचा हात मांडीवरून निघाला, वर आला, चष्म्यापाशी थांबला. चष्मा नीट करून तो पुन्हा मांडीवर गेला.

प्रस्ताव एकमताने बारगळला. त्यानंतर कीर्तनाने चेंडूचं नावही काढलं नाही.

गिरिधरला नावं ठेवायला तुम्ही मोकळे आहात. तुमचा हात नक्कीच वर गेला असता. फक्त एकदा घड्याळाकडे बघा आणि सांगा, तुमचं पोर या वेळेला कुठे बसलंय?