आपट्यांच्या घरचं लांबडं

आपट्यांच्या घरात पाऊल टाकलं की "चपला काढल्या का?" असा प्रश्न येतो. विचारणारा पोपट असतो. तुम्ही "हो" म्हणालात तर तो गप्प बसतो, "यस" म्हणालात तर "पुन्हा म्हण!" म्हणून खेकसतो. आयर्लंडमधल्या ह्या नास गावात पोपटाकडून मराठी तपासून घेणारं आमच्याशिवाय दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही.

आपटे आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. मूळचे पुण्याचे. रोज डब्लिनला जाऊन सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, हे त्यांचं पगारी काम. घरी आल्यावर तेच काम ते फुकट करायचे. मी "मदत करते" ऐवजी "हेल्प करते" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखा भाव यायचा. "वहिनी, उंबऱ्याच्या आत मराठी," एवढंच म्हणायचे. त्या घराला उंबरा नव्हता, पायपुसणं होतं. पण कोण वाद घालणार?

पोपट दोन. बंडोपंत आणि गोदाक्का. एका म्हाताऱ्या आयरिश शेतकऱ्याला ते सांभाळणं झेपेना, म्हणून आपट्यांनी आणले. बंडोपंत आला तेव्हा ऊठसूट "ग्रँड!" म्हणायचा. इथे कशालाही ग्रँड म्हणतात. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, मोडलेला हातसुद्धा ग्रँड. आपट्यांनी त्याच्यावर अफाट मेहनत घेतली. शेवटी तो "ग्रँड आहे" म्हणायला लागला. आपटे ह्याला अर्धं यश म्हणत.

खरं तर ही सगळी शिकवणी लेकीसाठी होती. आपटे आणि त्यांची बायको वेगळे झाले तेव्हा सई आईबरोबर कॉर्क शहरात राहायला गेली. सुट्टीत यायची. तिला मराठी समजायचं, पण उत्तर कॉर्कच्या हेलात, इंग्रजीत. लहान असताना ती मराठीत बोलून बघायची. आपटे तिला वाक्याच्या मध्येच थांबवून दुरुस्त करायचे, आणि वरून बंडोपंत "पुन्हा म्हण!" हळूहळू पोरीने तोंडच मिटलं. तेरा वर्षांची होईतो ती यायची, जेवायची, "ग्रँड" म्हणायची आणि जायची. मग येणंही कमी झालं. आपटे म्हणायचे, "अभ्यास असतो तिला." मी मान डोलवायची.

मग एका वसंतात तिचा फोन आला. तिने साप पाळला होता आणि आईच्या नव्या फ्लॅटचा मालक तो ठेवू देत नव्हता. बाबाने ठेवून घेतला तर ती एक आड एक शनिवार-रविवार त्याच्यासाठी नासला येईल. आपटे "हो" म्हणाले. मग फोन ठेवला आणि आमच्याकडे येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

आता हे लक्षात घ्या, की हा माणूस बागेत गांडूळ दिसलं तरी पलीकडच्या फुटपाथने जायचा. आयर्लंडची नोकरी घेताना त्यांनी आधी काय पाहिलं असेल, तर ह्या देशात रानात साप नाहीत हे. तिन्हीसांजेनंतर ते सापाला साप म्हणत नसत. लांबडं म्हणत.

"अहो, नाही म्हणायचं ना मग," मी म्हटलं.

"नाही म्हटलं तर ती कशाला येईल, वहिनी? माझ्यासाठी?"

मी तिसरा ग्लास भरून दिला.

कॉर्कहून येताना त्यांनी सापाच्या पेटीला मागच्या सीटवर पट्टा बांधला आणि अख्ख्या वाटेत एकदाही मागे पाहिलं नाही. जेवायला थांबले ते गाडीबाहेर, पावसात उभं राहून. घरी पोचल्यावर मला हाक मारली. नवीन माणूस घरात येतंय, औक्षण हवं! मी निरांजन घेऊन दारात उभी. वारा असा की ज्योत टिकेना.

"कुंकू कुठे लावू?" मी विचारलं.

"झाकणाला लावा. उघडू नका."

शेजारच्या मोरीनबाई कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी वाढदिवस आहे का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. तेवढ्यात ते संपलं.

साप कॉर्न स्नेक जातीचा होता. केशरी, बिनविषारी, बोटाएवढा जाड. सईने त्याचं नाव नूडल ठेवलं होतं. आपट्यांनी लगेच दुरुस्ती केली: "परकं नाव. शेवई म्हणायचं." मग नव्या मंडळींची जुन्यांशी ओळख करून द्यायला म्हणून ते काचेची पेटी पोपटांसमोर घेऊन गेले. पाहुण्याची ओळख करून देतात तशी! गोदाक्काने पिंजऱ्याला धडका दिल्या. बंडोपंत एकदा किंचाळला आणि त्यानंतर त्याची वाचाच बसली. दाण्याला तोंड लावेना, छातीची पिसं उपटायला लागला.

पक्ष्यांच्या डॉक्टरने आपट्यांना चांगलं झापलं. साप आणि पोपट एकमेकांना कधी दिसता कामा नयेत, नाहीतर एकाला घराबाहेर काढा, असं बजावलं. कोणाला काढणार? सापाला काढलं तर सई गेली. पोपटांना काढावं, तर एरवी त्या घरात बोलणारं होतंच कोण? मग शेवईची पेटी वर सईच्या खोलीत गेली, पोपट खाली, आणि आपटे पोपटांशेजारी सोफ्यावर झोपायला लागले. वर जाऊन आले की हात धुवायचे, सदरा बदलायचे. पंधरवडाभराने बंडोपंताने एक शेंगदाणा घेतला, तेव्हा आपट्यांनी आम्हाला पेढे दिले.

शेवईचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर. आपटे पक्के शाकाहारी. उंदरांसाठी मागच्या शेडमध्ये वेगळा फ्रिज घेतला. उंदीर गणपतीचं वाहन, म्हणून आधी हात जोडायचे, मग चिमट्याने गरम पाण्यात सोडायचे. पेटीत उंदीर ठेवताना मान दुसरीकडे वळवून म्हणायचे, "सावकाश होऊ द्या."

सई ठरल्याप्रमाणे येत होती. आली की थेट वर. खाली आली की "ग्रँड".

नागपंचमीला कापायचं-चिरायचं नाही म्हणून मी पुरणाची दिंडं उकडली आणि त्यांच्याकडे घेऊन गेले. शनिवारची दुपार होती. आपटे जिन्यात मध्यावर उभे. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वरच्या खोलीतून सईचा आवाज येत होता. मराठीत! मोडकं, अडखळत, कॉर्कच्या हेलातलं, पण सगळं मराठीत.

"तू बाबाला घाबरू नको हां. बाबाच तुला घाबरतो. खूप. तो मला सांगत नाही. मी पण त्याला सांगत नाही, मला माहीत आहे ते. त्याला वाईट वाटेल ना."

मी खुणेने विचारलं, तुमच्याशी बोलते अशी? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सापाला कान नसतात, वहिनी," ते हळूच म्हणाले. "त्याच्यापुढे चुकलं तरी चालतं. माझ्यापुढे नाही चालत. मीच तसं करून ठेवलंय."

इतक्या वर्षांत आपट्यांनी स्वतःची काढलेली चूक मी पहिल्यांदाच ऐकली.

जिना करकरला. सई दारात आली, साप मनगटाला गुंडाळलेला. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला. "हाऊ लाँग आर यू देअर?"

आपटे दोन पायऱ्या चढले. कपाळावर घाम. दोन्ही हात पुढे केले.

"मला धरायला शिकव," ते म्हणाले. "मला येत नाही. चुकलो तर सांग."

सई एक पायरी खाली आली. मग तिने शेवईला अलगद त्यांच्या तळव्यांवर ठेवलं. आपट्यांनी डोळे गच्च मिटले.

"असं नाही," सई मराठीत म्हणाली. "हात सैल सोड. अजून. हां." आणि मग हसून, "बाबा, श्वास तर घे."