नाशिकहून खारं पाणी

पाहुण्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला की पाहुणा पाणी पितो, अशी जगाची रीत आहे. आमचे दगाजी अप्पा आधी त्यात करंगळी बुडवतात. ती जिभेच्या टोकाला लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "गोडं शे." मग ग्लास घटाघटा रिकामा करतात. ज्याच्या घरी पहिल्यांदा आले असतील त्या बाईचा चेहरा तेवढ्या वेळात पाहण्यासारखा होतो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. म्हणजे बैठकीला उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी माझं नाव लिहून टाकलं होतं. तेव्हा अप्पांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. सत्यनारायणाला त्यांनी तीर्थ चाखून "साखर कमी, पण पाणी बेस शे" असा शेरा दिला आणि गुरुजी मंत्र विसरले. पोहण्याच्या तलावावर त्यांना दुसऱ्यांदा कुणी येऊ देत नाही. आणि एकदा मे महिन्यात टँकर आला, तर अप्पा नळीखाली हात धरून उभे!

"ओ ताई, परत पाठवा याला. खारं शे."

"काका, फिल्टरचं पाणी आहे," टँकरवाला म्हणाला.

"चाखल्याशिवाय बोलू नये, भाऊ. वरणाइतकं नही, पण खारं शे. बोअरचं भरलंय तू."

टँकरवाला लालबुंद झाला, आईची शपथ घ्यायला निघाला आणि अर्ध्या शपथेत थांबला. बोअरचंच होतं. त्या दिवसापासून माझं अप्पांबद्दलचं मत थोडं सुधारलं. थोडंच.

अप्पा मूळचे देवळ्याकडचे. घरी कांद्याची शेती, गळ्यात तुळशीची माळ, मासळीचं नाव काढलं तर आजी आंघोळ करायला लावायची. अशा माणसाला नोकरी कुठे लागावी? कोकणात, खाडीच्या काठावर! भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे बांध घालतात. त्या बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की दार बंद, ओहोटी लागली की उघडं. आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं, बाहेरचं खारं पाणी आत येत नाही. त्या दारावर अप्पांनी बरीच वर्षं काढली. तुमच्या-आमच्यासारखी माणसं घड्याळ बघतात, अप्पा तिथी बघतात. रस्त्यात भाजी घेताना मध्येच थांबून म्हणायचे, "आज पौर्णिमा. तिकडे आत्ता पुरती भरती." भाजीवाली म्हणायची, "बरं बाबा, मेथी घ्यायची का नाय?"

पाण्याचं मीठ मोजायची त्यांची स्वतःची पट्टी होती. गोडं, वरण, भाजी, पापड, लोणचं. लोणचं म्हणजे भर समुद्र. मी विचारलं, "अप्पा, याला मशीन असतं ना?" तर म्हणाले, "होतं की. कपाटात होतं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो बदलून गेला."

एक मात्र होतं. भरती, भात, चिखल, खेकड्यांची बिळं, सगळ्यावर तासभर बोलणारे अप्पा, "मग मासे खूप असतील तिथे?" असं विचारलं की उठून जायचे. मला वाटायचं, माळकरी माणूस, विटाळ वाटत असेल.

मागच्या दिवाळीनंतर ते एका सकाळी मोबाईल हातात धरून माझ्या दारात आले. पायात एकच चप्पल होती. मी म्हटलं, बीपी. पाणी दिलं, तर चक्क न चाखता प्यायले! मग मात्र मी घाबरले.

"ताई, उघाडीवरून फोन आला," ते म्हणाले. "सुनंदाचा. ती आता पंचायतीत शे. हिराआक्काची सून."

"कोण हिराआक्का?"

आणि मग अप्पा बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बांधाच्या आत भातशेतीच्या खालच्या अंगाला खाजण होतं, म्हणजे पाणथळ चिखलाची जमीन. तिथे हिराआक्का आणि तिची माणसं पाग, म्हणजे गोल फेकजाळं, टाकून मासे धरायची. अप्पा नवीन होते तेव्हा तिने क्वार्टरच्या दारात ताज्या मासळीची पाटी आणून ठेवली. अप्पांनी माळ दाखवली. ती जीभ चावून परत गेली आणि संध्याकाळी तांदळाची भाकरी घेऊन आली. "सायेब, ही तरी चालंल ना?" पुढे दर बाजाराच्या दिवशी भाकरी यायची. परमुलखात एकट्या माणसाला कुणी विचारत नाही, ताई, असं अप्पा म्हणाले.

दार जुनं होतं, फटीतून भरतीचं पाणी थोडं आत झिरपायचं. अप्पांनी मनावर घेतलं. फळ्या बदलल्या, रबर ठोकलं, डांबर ओतलं, आणि थेंब आत येईना असं दार केलं. साहेबांनी शाल-नारळ दिला, फोटो काढला. पुढच्या वर्षी खाजणातलं पाणी गोडं झालं. गोडं झालं म्हणून अप्पा खूश! आणि मासा गेला. कोळंबीची, बोयटांची पिलं भरतीच्या त्या झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आत यायची, वाढायची, हे दाराच्या माणसाला ठाऊकच नव्हतं. खाजणात शेवाळ माजलं, डास झाले. एका सकाळी हिराआक्का आली आणि रिकामी पाटी त्यांच्या दारात उपडी ठेवून म्हणाली, "सायेब, तुमचं दार बेस झालं. मासापन तुमचं ऐकतो." भाकरी बंद झाली. पुढे अप्पांची बदली झाली.

"तिचं खाजण मी मारलं, ताई. शाल अजून पेटीत शे. एकदाही पांघरली नही."

मी चहा टाकला.

तर सुनंदाचं म्हणणं असं, की दार पुन्हा नवीन बसवलंय, आणि गावात भांडण पेटलंय. मासेमारीवाले म्हणतात दार उघडं ठेवा, शेतकरी म्हणतात एक थेंब आत आला तर बघा. कुणाला तरी तो पाणी चाखणारा नाशिकचा साहेब आठवला. त्याने सांगितलं तर ऐकू, एवढ्यावर दोन्ही बाजू कशाबशा राजी झाल्या, पण एक हंगामच. शेतात मीठ चढलं किंवा मासा आला नाही, तर दार कायमचं बंद.

"सुनंदाला काय सांगितलंत?"

"सांगितलं, भात कापून झालंय ना? मग पावसापर्यंत वेळ शे. अमावस्या-पौर्णिमेला दुपारच्या भरतीत एकच फळी वर घ्यायची. खाजणातलं पाणी भाजीइतकं झालं की फळी खाली. शेताचा आतला बांध पक्का ठेवायचा. पावसाळ्याआधी दार गच्च. उरलंसुरलं मीठ पाऊस धुऊन नेतो." त्यांनी कपाळावर हात मारला. "हे मला तेव्हा सुचलं असतं तर?"

पुढच्या अमावस्येला दुपारी आमच्या हॉलमध्ये उघाडी अवतरली. अप्पांना व्हिडिओ कॉल लावता येत नव्हता, म्हणून माझा फोन, माझा सोफा आणि माझा चहा. पलीकडे सुनंदा कमरेला पदर खोचून बांधावर उभी, मागे अर्धं गाव.

"अप्पा, पानी आयलं बघा!"

"फळी वर घे! सावकाश! आता चाख!" अप्पा सोफ्यावरून उठून उभे राहिले. "बोल, काय शे? वरण का भाजी?"

सुनंदाने बोट तोंडात घातलं. "वरण... वरण... आता भाजी!"

"फळी खाली!"

मागे टाळ्या झाल्या. आमच्याकडे माझ्या नवऱ्यानेसुद्धा वाजवल्या, नक्की कशासाठी ते न कळता. पौर्णिमेला पुन्हा तेच. आणि मग काहीच नाही. खाजणात एक कोळंबी दिसेना. चार भरत्या गेल्या, शेतकरी बोलू लागले, की झाली थेरं, आता दार लावा. अप्पांनी बोलणं सोडलं. जिन्यात भेटले तर खाली मान. करंगळी बुडवणंही बंद. खरं सांगते, ग्लासातलं पाणी ते गुमान पिऊ लागले तेव्हा मला रडू आलं. इतका वैताग दिलेला माणूस, पण त्याने तो वैताग देणं थांबवलेलं बघवेना.

एका दुपारी ते आमच्याकडे जेवायला बसले असताना मी भाजी वाढली. अप्पा पहिल्याच घासाला म्हणाले, "मीठ कमी शे." मी फणकारले, "तुम्हाला देवळ्याकडच्या लोकांना नुसतं मीठच वाढायला हवं! आमच्याकडे ह्यालाच भाजी म्हणतात."

आणि बोलता बोलता मीच थांबले.

"अप्पा, सुनंदाची भाजी कशी असते हो?"

अप्पांचा घास हातातच राहिला. लगेच फोन लावला. "पोरी, तुझ्या घरात मीठ किती घालता?"

"निम्मंच घालतो. आईंना बीपी हाय ना. डॉक्टरानी मीठ तोडलंय. वर्ष झालं, सगळ्यांना आता तेच गोड लागतं."

अप्पा उभे राहिले. "आई? म्हणजे हिराआक्का... शे?"

"हाय की! तुम्ही कधी इचारलंच नाय!"

विचारलं नव्हतं, कारण उत्तराची भीती होती. अप्पांनी भिंतीकडे तोंड करून फोन ठेवला, आणि वळले ते वेगळेच अप्पा होते. बाह्या सरसावून थेट माझ्या स्वयंपाकघरात!

"ताई, मिठाचा डबा काढा. तिची भाजी म्हणजे माझं वरणसुद्धा नही! अर्ध्या मिठावर फळी पाडतोय आपण. मासा काय, बेडूकसुद्धा येणार नही तिथं!"

त्या दिवशी माझ्या ओट्यावर जे झालं ते मी कुणाला सांगितलं नसतं, पण आता आपलं नातं झालंय. चार बाटल्या, चार पातेली. अप्पा मीठ घालत, ढवळत, चाखत. नवरा चाखी. मी चाखी. रात्रीच्या जेवणाला आम्हा तिघांच्या जिभा लाकूड झाल्या होत्या. शेवटी बाटल्यांवर चिठ्ठ्या लागल्या, वरण, भाजी, पापड, लोणचं. सुनंदाने खाडीचं पाणी आणि बाटलीतलं पाणी आळीपाळीने चाखायचं. मध्ये कुणाच्या घरच्या भाजीचा संबंध नाही.

सकाळी एसटीच्या पार्सल खिडकीवर मी आणि अप्पा.

"काय आहे यात?"

"पाणी," मी म्हटलं.

"गंगेचं का?" नाशिकचाच माणूस, गोदावरीचं तीर्थ समजून त्याने खोक्याला हात जोडले.

"नही, खारं शे," अप्पा म्हणाले.

"समुद्राकाठी खारं पाणी पाठवताय? नाशिकहून?" त्याने जोडलेले हात सोडले आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा विचारलं. अप्पांनी छाती काढून दोनदा हो म्हटलं.

पुढची गोष्ट मला ओरडून सांगावीशी वाटते. होळीच्या आधी एका दुपारी फोन वाजला. पडद्यावर सुनंदा दिसेचना, नुसतं खाजण, चकाकणारं पाणी आणि वर्तुळात पडणारा पाग. तो ओढला तर आत कोळंबी उड्या मारतेय! बोयटं! आणि त्यांच्या मागावर आत शिरलेला, हाताएवढा लांब एक जिताडा! गाव ओरडत होतं, मी ओरडत होते, खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून वर आले. माळकरी अप्पा "जिताडा! जिताडा!" करत माझ्या हॉलमध्ये नाचले. शपथेवर सांगते, नाचले. त्यांच्या आजीने पाहिलं असतं तर आठवडाभर आंघोळी घातल्या असत्या.

तरी शेतकऱ्यांचा निकाल बाकी होता. अप्पांनी वैशाखात दार गच्च लावायला सांगितलं. पाऊस बेताने पडला की ते खिडकीत, जोरात पडला की ते खिडकीत. या दिवाळीला सुनंदाने फोनवर भाताच्या लोंब्या दाखवल्या. शेतात मीठ चढलं नव्हतं. दार कायमचं बंद करायचा विषय गावाने काढूनच टाकला, आणि फळी कधी वर घ्यायची ते आता पंचायतीच्या फळ्यावर तिथीनुसार लिहितात. अप्पांच्या बाटल्या पंचायतीच्या कपाटात आहेत. किल्ली सुनंदाकडे.

गेल्या आठवड्यात एसटीने पार्सल आलं. बर्फाच्या डब्यात कोळंबी आणि जिताड्याचे तुकडे, वर चिठ्ठी, "मीठ ढवळणाऱ्या ताईस." आणि बाजूला एक वेताची पाटी, सुलटी, त्यात फडक्यात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. खाजणाच्या वरच्या शेतातला, यंदाचा नवा तांदूळ. सुनंदा फोनवर म्हणाली, आईंनी स्वतः थापल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

मी कालवण केलं. अप्पा आमच्याच टेबलावर, पण दोन खुर्च्या सोडून बसले. आम्ही पहिला घास घेतला तसे पुढे वाकले.

"कसा शे?"

"बेस शे, अप्पा," मी म्हटलं, आणि दुसरा घास घेतला.

मग त्यांनी भाकरी घेतली. प्रवासात कडक झाली होती. तुकडा मोडला, जिभेच्या टोकाला लावला, डोळे मिटले. आम्ही निकालासाठी थांबलो.

"अळणी शे," अप्पा म्हणाले.

मी मिठाचा डबा पुढे सरकवला. त्यांनी तो हाताने मागे सारला आणि सगळ्या भाकऱ्या तशाच खाल्ल्या.