बंद १०.१३, कारण मेकॅनिक

गंगाधरकाका घरातल्या कॉम्प्युटरला 'गाडी' म्हणायचे आणि ती बंद पडली की वहीत वेळ लिहायचे. कळमनुरीच्या बसस्टँडवर तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. रिटायर झाले तरी नोंदवही सुटली नव्हती. 'सुटली १०.०२. बंद १०.१३. कारण : मेकॅनिक.'

तो मेकॅनिक म्हणजे मी. गावात कॉम्प्युटर मोजक्याच घरांत होते, आणि दुरुस्तीचं दुकान माझं एकट्याचं. दर सोमवारी हा माणूस वही घेऊन दारात उभा राहायचा आणि गिऱ्हाइकांदेखत माझा उद्धार करायचा.

"अकरा मिनिटं! बराबर अकरा! आमच्या भंगार गाड्याबी वारंगा फाट्यापर्यंत तर जात होत्या!"

मी पॉवर सप्लाय बदलला, वायरी बदलल्या, रॅम पुसून पुन्हा बसवली. मी समोर असलो की मशीन तासभर चालायचं. दुकानात परत पोचतो न पोचतो तोच फोन, "पडली बंद! काहून?" सहाव्या खेपेला माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "काका, तुम्हाला घाबरूनच बंद पडत असेल." ते फोनवरच असे भडकले, की माझ्या समोरचं गिऱ्हाईक उठून गेलं.

रागाचं कारण मला ठाऊक होतं. मुलगा परदेशात. दर रविवारी इंटरनेटवरून आईशी बोलायचा. काकूंची नजर पार गेली होती. त्यांच्यासाठी मुलगा म्हणजे तेवढा आवाजच. आणि तो अकराव्या मिनिटाला तुटायचा.

एका रविवारी मी न सांगताच गेलो. पाहतो तर टेबलावरच्या सीपीयूला चहूबाजूंनी गोधडीची जाड खोळ! जुन्या लुगड्यांची, वाकड्यातिकड्या टाक्यांची. हात लावला तर चटका बसला.

"हे काय?"

"हिनं शिवली. चाचपून चाचपून. धूळ बसू नाही म्हून. तुमचे हात कळकट, तुमी आले की काढून ठेव म्हणते."

"अहो, ह्या खोळीनं तापूनच तर बंद..." माझा आवाज चढला. सहा खेपा, सोमवारच्या शिव्या, सगळं एकदम आठवलं.

काकांनी माझं मनगट करकचून धरलं. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "खबरदार. लेकराचा आवाज तिच्याच शिवणीनं तुटून राहिला हे कळलं, तर ती हाय खाईल."

"काय झालं वो?" आतून काकूंनी विचारलं.

"काई न्हाई! मेकॅनिक बिनकामाचा हाय!"

असा संताप आला, पण गिळला.

पुढच्या रविवारी काकांनी मला बोलावून घेतलं. आम्ही सीपीयू उघडाच टेबलाखाली ठेवला. वर त्याचा रिकामा खोका ठेवून त्याला खोळ चढवली. खोका हलू नये म्हणून काकांनी त्यात स्वतःच्या जपलेल्या नोंदवह्या भरल्या, तीसच्या तीस वर्षांच्या.

काकू येऊन बसल्या. नेहमीसारखा खोळीवर हात ठेवला. "आवो, आज गार लागून राहिलं. बंद तर न्हाई?"

"सुधरलं म्हून गार हाय!" काका खेकसले.

मुलगा पाऊण तास बोलला. काकूंचा हात सगळा वेळ खोळीवरून फिरत होता. काका वही उघडून बसले होते, पण लिहायचं विसरले होते. मी बघतोय हे लक्षात येताच गुरकावले, "काय पाहून राहिले? निघा!"

आवाज चढवायला गेले, तो मधेच फुटला.