तबकडीवर नाव नव्हतं

"शनिवारपर्यंत कुणीतरी तुझं नाव घेतलं पाहिजे. नाहीतर तो ट्राँबोन विकून टाक," इसिल्डाने नवऱ्याला बजावलं. ते फुंकून वाजवायचं लांबलचक पितळी धूड बावीस वर्षं न्हाणीघरात उभं होतं. त्याला बाजूला सारून आंघोळ करताना ती मेटाकुटीला आली होती.

लेनफर्ड मात्र खुशीत होता. शेजारच्या गॅरीने यंत्रावर अ‍ॅसिड हाऊस या नाचाच्या संगीताचा दणका धरला होता आणि त्यावर लेनफर्डने आपलं जुनं जमैकन स्का संगीत फुंकलं होतं. लंडनभर या खिचडीला स्कॅसिड म्हणतात, असं गॅरीने सांगितलं. तीनशे तबकड्या निघाल्या. गोम एवढीच की रिवाजाप्रमाणे मधला पांढरा कागद कोरा ठेवायचा. वाजवणारा कोण हे दुकानदाराला कळता कामा नये, म्हणजे तो नाक न मुरडता ऐकतो. नाव झाकून नाव कसं मिळवायचं, हे काही लेनफर्डच्या डोक्यात शिरेना.

शनिवारी इसिल्डा खात्री करायला स्वतःच लेनफर्डबरोबर बर्ट्रमच्या तबकड्यांच्या दुकानात आली. त्याने खांद्यावर ट्राँबोन घेतला होता.

"काका, तुम्ही आणून दिलेल्या तबकड्या सोमवारीच खलास झाल्या!" बर्ट्रम म्हणाला. "वाजवणारा मँचेस्टरचा कुणी एकोणीस वर्षांचा पोरगा आहे म्हणे."

"अरे, तो मीच!"

"'तो मीच' म्हणत या आठवड्यात आलेले तुम्ही पाचवे."

गिऱ्हाइकं हसली. एक जण म्हणाला, "मग वाजवून दाखवा की!"

लेनफर्डने जीव ओतून वाजवलं. पोरांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकमताने निकाल दिला, "हात बरा आहे, पण मूळ तबकडीची सर नाही. नक्कल वाटते."

तो गोंधळून बायकोकडे बघू लागला. मँचेस्टरला आपण कधी गेलो होतो का, हेही त्याने एकदा आठवून पाहिलं.

"नक्कल?" इसिल्डाचा पारा चढला. "लाव रे ती तबकडी! ऐका, हा इथे दम संपतो आणि सूर घसरतो. बावीस वर्षं याच जागी घसरतोय मेला! जगात दुसरा कोणी इतकं वाईट वाजवत नाही. हा माझा लेनफर्ड आहे, लेनफर्ड गेल!"

बर्ट्रमने कान पकडले.

"पटलं, मावशी. पण आता उपयोग नाही. स्कॅसिडचं वेड मंगळवारी संपलं."

"संपलं?" लेनफर्डने विचारलं. "सुरू कधी झालं होतं?"

"नक्की नाही सांगता येणार, काका. तेव्हा मी सुट्टीवर होतो."

लेनफर्डने ट्राँबोन उचलला आणि 'जुनी वाद्यं विकत घेतो' ही भिंतीवरची पाटी वाचू लागला.

"तिकडे काय बघतोस?" इसिल्डा खेकसली. "घरी चल. आणि नीट धर तो, दाराला आपटेल."