कोर्टमान्य कंगाल

कंगाल व्हायलासुद्धा अक्कल लागते, असं टॉलिव्हरकाका म्हणायचे. लुईझियानाच्या त्या तुरुंगात कायद्याच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा. जन्मठेपेतली निम्मी वर्षं त्यांनी लायब्ररीत काढली होती. "लॉनी, तुझा अर्ज मी झोपेतसुद्धा मंजूर करून आणेन," त्यांनी छातीठोक सांगितलं होतं.

लॉनी बतिस्तचं भांडण एका पुस्तकावरून होतं. आई गेल्यावर तिचं भजनांचं पुस्तक ओडेसा मावशीने त्याला पाठवलं आणि तुरुंगाने ते अडकवलं. कारण काय, तर पुठ्ठा जाड! पुठ्ठा फाडून देतो म्हणाले. पण पुठ्ठ्याच्या आतच आईने लिहिलं होतं, 'लॉनी, तिसरं कडवं हळू म्हण.' ते कोण फाडू देईल? तुरुंगातल्या सगळ्या तक्रारी फेटाळून झाल्यावर लॉनीने धर्माच्या हक्कासाठी दावा लावायचं ठरवलं.

आता दाव्याची फी. धुलाईखान्यातल्या मजुरीतून ती भरायची म्हणजे जन्म जायचा. पण माणूस कंगाल आहे हे पटलं, की कोर्ट फी हप्त्याहप्त्याने कापून घेतं. त्यासाठी तुरुंगातल्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा लागतो. लॉनीचं रिकामं खातं बघून काकांना आनंदाने भरूनच आलं. उतारा निघेपर्यंत एक पैसा येऊ देऊ नकोस, एवढंच त्यांनी बजावलं.

म्हणून लॉनीने मावशीला फोन केला. "मावशी, मला कोर्टाकडून कंगाल ठरवून घ्यायचंय. त्यामुळे तू अजिबात..." आणि फोनची वेळ संपली.

मावशी भाड्याच्या घरात राहायची, पण तिच्या टेबलावरचा कपडासुद्धा इस्त्रीचा असे. बहिणीच्या पोराला कोर्ट चारचौघांत कंगाल म्हणणार? रविवारी ती चर्चमध्ये अशी काही बोलली, की दानाची थाळी पुन्हा पुन्हा फिरली. बायकांनी मासे तळून विकले, गंबोचं कालवण विकलं. सगळे पैसे लॉनीच्या खात्यावर जमा झाले, आणि नेमका त्यानंतर उतारा निघाला.

कोर्टाने कळवलं, अर्जदार कंगाल नाही, पूर्ण फी भरावी. भरायला जावं, तर तुरुंगाने दातांच्या डॉक्टरचं जुनं बिल त्यातूनच वळतं केलेलं. कंगाल म्हणावं तर पैसे आहेत, फी भरावी तर पुरत नाहीत! काका रुसून जेवायलाच आले नाहीत.

"मावशी, हे काय करून ठेवलंस?" लॉनीने फोनवर विचारलं.

"तुझी अब्रू राखली," मावशी म्हणाली. "तुझ्या आईबरोबर गाणाऱ्या सगळ्यांनी दिलेत, बाळा. एकानेही हात आखडला नाही."

यावर काय रागावणार? लॉनीला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने दाव्याचा हट्ट सोडला आणि पुठ्ठ्याशिवाय पुस्तक घ्यायचं कबूल केलं. काकांनी अधिकाऱ्यासमोर ओल्या फडक्याने पुठ्ठा हळूहळू सोडवला आणि तो टपालाने मावशीकडे गेला.

लॉनी आता सुटलाय. काका आत आहेत, आणि जेवायला बसलं की लॉनीला अजून त्यांची आठवण येते. मावशीने पुठ्ठा परत चिकटवला, तोही उलटा! आईचं अक्षर वाचायचं तर भर चर्चमध्ये पुस्तक उलटं धरावं लागतं. तिसरं कडवं तो इतकं हळू म्हणतो, की बाकीचे गाऊन संपवतात आणि त्याच्यासाठी थांबून राहतात. मग थाळी फिरत येते. लॉनी इकडेतिकडे बघू लागला, की मावशी कोपराने ढोसते.

"घाल खिशात हात. तू कंगाल नाहीस, कोर्टाने सांगितलंय."