परबाचे चार नळ

आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत नळाला पाणी येतं सकाळी तासभर. शेजारच्या परबाकडे मात्र चोवीस तास बियर येते, आणि तीही नळालाच. फ्रिजमध्ये बियरचं पिंप, शेजारी बियर नळापर्यंत ढकलणाऱ्या गॅसचा छोटा सिलिंडर आणि दाराला भोक पाडून बसवलेला नळ. फ्रिज नवा कोरा होता.

तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस निवृत्त झाल्यावर दुसरं काय करणार? पितो जेमतेम अर्धा ग्लास, पण नळावर जीव. आपण चवीचं कौतुक करावं, तर हा म्हणणार, "चवीचा काय सांगतस? दांडो बघ, दांडो!"

पुढच्या रविवारी अख्खा मजला त्याच्याकडे जेवायला येणार होता. त्याआधी नळ कायमचा ठरवायचा होता. चार आणले होते. पहिला मागच्या बाजूने बंद होणारा. पुढे उरलेली बियर वाळते आणि दांडा गुळासारखा चिकटतो. दुसऱ्याला स्प्रिंग, हात सोडला की आपोआप बंद, पण धरून ठेवायला जोर लागतो. तिसरा अगदी तोंडाशी बंद होतो, त्यामुळे आत काही वाळत नाही. चौथ्याला बाजूला एक कळ, धार कमीजास्त करायला. त्याचा फेस म्हणजे निव्वळ साय! परीक्षक अर्थातच मी.

या परीक्षांना परबाची बायको, आमच्या सुलभावहिनी, कधी नसत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात कामातून गेला. पूर्वी या बाई आग्रह करकरून वाढायच्या. आता बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसतात. आल्यागेल्याला आपल्या हाताने काही देता येत नाही, याची त्यांना लाज वाटते. मला ते फार लागायचं.

मी चौथ्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. परबाने शांतपणे पाना घेतला आणि तोच काढायला लागला.

"अरे, वेडा झालास काय? एवढा झकास फेस येतोय!"

"दांडो आणि कळ. ह्येका दोन हात लागतत."

"मग? तुला दोन नाहीत?"

"माका आसत. हिका एकच आसा."

त्याने तिसरा नळ घट्ट बसवला. त्याच्याखाली एक लाकडी ठोकळा ठेवला, ग्लास तिरका बसेल अशी खाच पाडलेला. मग आत हाक मारली, "सुलभा, भायर ये गो."

वहिनी दारात घुटमळल्या. मग आल्या, डाव्या हाताने ग्लास खाचेत ठेवला आणि एका बोटाने दांडा ओढला. अर्धा ग्लास नुसता फेसाने भरला.

"फेसच जास्त झालो, भावोजी," त्या ओशाळून म्हणाल्या.

मी एका दमात संपवला. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले होते. परब आमच्याकडे पाठ करून तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.

वहिनींनी माझ्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला. "असा कसा? अजून एक घेवकच व्हयो."